आत किती?

आमचे खासबागेतले घरमालक दिवसातून तीन वेळा चाळीच्या प्रत्येक दारावर काठीने दोनदा ठोकत आणि एकच प्रश्न विचारत, "आत किती हाईत?"

प्रश्न मुलांचा असे. आतून "एकही नाही" असे उत्तर आले की ते पुढच्या दाराकडे वळत. "दोन" असे आले तर तिथेच उभे राहत, चक् असा आवाज करत आणि म्हणत, "वाळवी लागंल." ऊन असताना घरात बसलेल्या मुलाला वाळवी लागते असे त्यांचे प्रामाणिक मत होते. लागलेली कोणी पाहिली नव्हती. तसे मी एकदा बोलून दाखवले, तेव्हा ते माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहत म्हणाले, "पोखरून झाल्यावरच दिसती ती. तवर वाट बघायची व्हय?"

सगळे त्यांना अण्णा म्हणत, म्हणून मीही अण्णाच म्हणतो. उंची पाच फूट दोन इंच, वजन बेताचे, पायात काहीही नाही. वहाणा त्यांच्याकडे होत्या, पण त्या ते लग्नकार्यात काखेत धरून नेत, म्हणजे आहेत हे लोकांना दिसावे.

मी मोजणी खात्यात कारकून. साखळ्या, गुंठे, हद्दीचे दगड यांत माझी उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे जे दिसेल ते मोजायची मला सवय आहे. कोणी चांगली म्हणो वा वाईट, मी ती लपवत नाही. पुढे जे आकडे येतील ते सगळे मी स्वतः मोजलेले आहेत. जिथे मोजले नाही तिथे आकडा दिलेला नाही.

खोली बघायला मी प्रथम गेलो तेव्हा बरोबर बायको, चार वर्षांची मुलगी आणि कडेवर मुलगा होता. अण्णांनी माझी नोकरी विचारली नाही, गाव विचारले नाही. मुलगी पुढे बोलावली, तिचा पाय उचलला आणि तळवा अंगठ्याने दाबून पाहिला. मग मुलाचा. मग म्हणाले, "आता तुमचा." मी कारकून माणूस, कोट घातलेला, पण चाळीच्या आडाचे पाणी गोड होते आणि अशी खोली दुसरीकडे नव्हती. मी कट्ट्यावर बसून पाय वर केला.

"तिघांत सगळ्यात वंगाळ पाय तुमचा," अण्णा म्हणाले. "पर ऱ्हावा. सुधारंल."

करारात एक कलम होते. दरसाल मार्गशीर्षात पंधरा दिवस खोली मोकळी करून मालकाच्या मळ्यात राहायला जावे. मी ते वाचले, दोनदा वाचले, आणि मालकाला चुना लावून घ्यायचा असेल असे समजून सही केली. चुना लावायचाच होता. फक्त ते कारण नव्हते.

माझ्या वयाच्या बेळगावकरांना हे सांगायला नको, पण पुढच्यांसाठी सांगतो. प्लेगच्या सालांत घरात उंदीर मरून पडू लागले की लोक घर सोडत. गावाबाहेर माळावर, शेतात झोपड्या बांधून दोन दोन महिने राहत. मागे रिकाम्या घरांना चुना फासत आणि कौले उतरवून ठेवत, म्हणजे आत ऊन पडावे. अण्णा तेव्हा अकरा वर्षांचे होते. त्यांच्या घरचे तिघे बाहेर पडायला तयार झाले नाहीत आणि त्यातले कोणी उरले नाही. हे त्यांनी मला एकदाच सांगितले. बाकी सगळ्या वेळा ते झोपड्यांतल्या मजेबद्दलच बोलत. ओढा, ऊस, खेकडे, गवतात झोपणे, शाळा बंद. "आत ऱ्हायली ती गेली. भाईर आली ती वाचली, आनी वर मज्जा केली," असा त्यांनी त्या सगळ्याचा हिशेब लावला होता, आणि तो हिशेब त्यांनी पुढे कधी मोडला नाही. प्लेग हटला, लोक घरी आले, पण अण्णांच्या मनातून तो मळा गेला नाही. स्वतःची आठ खोल्यांची चाळ झाल्यावर त्यांनी प्लेग नसतानाही दरसाल ती बाहेर काढायला सुरुवात केली.

सगळे अगदी रीतीप्रमाणे. मळ्यात, येळ्ळूरच्या वाटेवर, भाताच्या काडाच्या नऊ झोपड्या. आठ बिऱ्हाडांना आठ आणि नववी, अण्णा म्हणत, "कोन आलंच तर." मागे चाळीच्या भिंतींना चुना, आणि प्रत्येक खोलीवरच्या कौलांच्या चार ओळी खाली. "घरानं बी ऊन खायला पायजे की." कौले खाली असल्यामुळे कोणाला मधेच घरी येऊन झोपता येत नसे, हे मी पहिल्याच वर्षी ताडले.

चाळीत एकूण एकेचाळीस माणसे, त्यात तेवीस मुले. मळ्यापासून चाळीपर्यंत चार हजार एकशे बारा पावले, शाळा आणि माझी कचेरी त्याहून जवळ. सकाळी मुले शाळेला जात आणि घरी येताना ओढ्यातून येत. पहिल्या आठवड्यात बायका अण्णांना शिव्या घालत. दुसऱ्या आठवड्यात त्या दुपारी जांभळीखाली बसून भाकरी खात आणि परत जायला किती दिवस उरले ते विचारत. मी सांगत असे.

मुलांना दहा गोष्टी पुऱ्या कराव्या लागत. बेडूक हातात धरून पुन्हा जिथला तिथे सोडणे, मुंग्यांच्या रांगेमागून वारुळापर्यंत जाणे, डोळे मिटून पाच पाखरे आवाजावरून सांगणे, असल्या. दहावी, सात वर्षे झालेल्यांना, म्हणजे मधल्या जांभळीवर आपले आपण चढणे आणि आपले आपण उतरणे. तेवीसच्या तेवीस मुलांच्या आपापल्या सगळ्या पुऱ्या झाल्याशिवाय कौले वर चढत नसत. मोठ्यांना एकच होती. एक तास गवतात उताणे पडायचे आणि काही करायचे नाही. मी दरवर्षी पडत असे. तास होत आला की अण्णा येऊन सहज विचारत, "बगळे गेले का हो एवढ्यात?" आणि माझ्या तोंडून निघे, "सतरा." अण्णा म्हणत, "काहीच करायचं न्हवतं. ह्यांनी मोजलं." मी नापास.

बोर्डाची गोष्ट माझ्या पहिल्या वर्षाची. मळ्यातल्या झोपड्या आणि उघडी चाळ पाहून कोणीतरी नगरपालिकेत कळवले आणि आरोग्य खात्याचा माणूस दोन शिपाई आणि टोचणीची पेटी घेऊन आला. प्लेग नाही असे आम्ही सांगितले. तो म्हणाला, असे सगळेच सांगतात. खरे होते ते. त्या काळी ज्याच्या घरी रोगी असे तोच सर्वांत मोठ्याने नाही म्हणे. एकेचाळीस जणांना टोचून तो गेला. दंड आठ दिवस सुजले. पुन्हा असा गैरसमज होऊ नये म्हणून मी एक फळी घासून तिच्यावर काळ्या रंगाने, तीन इंची अक्षरांत, "येथे प्लेग नाही" असे लिहिले आणि ती मळ्याच्या वाटेवर टांगली. दुसऱ्या दिवसापासून दूधवाला यायचा बंद झाला. भाजीवाली बांधावर भाजी ठेवून लांबून हाका मारू लागली. मी त्यांना बोर्ड दाखवत असे. ते बोर्डाकडे पाहत आणि आणखी चार पावले मागे सरत.

"काढून टाका ती फळी," बायको म्हणाली.

पण फळीवर लिहिलेले खरे होते. खरे लिहिलेले काढायचे का, हे मला पटले नाही. ती राहिली.

आता बहिणीचे सांगतो.

वडील गेल्यावर माझी धाकटी बहीण आमच्याकडे आली. घरात तिचे बोलणे सकाळी पाचला सुरू होई आणि झोपेपर्यंत चाले. चाळीतली सगळी मुले तिला आत्या म्हणत आणि तिच्या मागे असत. पण बघायला पाहुणे आले आणि ती पाटावर बसली की तिचे तोंड बंद होई ते पाहुणे जाईपर्यंत. नाव विचारले तर माझ्याकडे बघे. पाच स्थळे आली, पाचही "कळवतो" म्हणून गेली. एकांनी तर मुलगी मुकी असून आम्ही ते लपवतो असे बाजारात बोलून दाखवले. ते शब्द फिरत फिरत तिच्याही कानावर आले. त्यानंतर ती घरातही जरा कमी बोलू लागली, आणि मला ते ऐकू येत असे. म्हणजे, तिचे न बोलणे.

सहावे स्थळ निपाणीचे. मुलगा तंबाखूच्या वखारीत कारकून, वय सव्वीस, वडील नाहीत, आई आहे. मीही कारकून, त्यामुळे मला ते आवडले. पत्र आले की सोमवारी सकाळी दहाच्या मोटारीने येतो. मी हिशेब केला. मळ्यातले पंधरा दिवस शुक्रवारी संपतात. शनिवारी कौले, रविवारी सारवण, सोमवारी पाहुणे. दोन दिवस शिल्लक. याहून काळजीपूर्वक आखता आले नसते.

शुक्रवारी संध्याकाळी अण्णांनी सांगितले की बावीस मुले पुरी झाली, एक राहिले. चार दिवस वाढवले.

राहिलेला एक माझा मुलगा होता. तोवर तो सात वर्षांचा झाला होता, आणि दहावीचे त्याचे ते पहिलेच वर्ष. नऊ गोष्टी त्याने पहिल्या आठवड्यात केल्या, पण जांभळीच्या पहिल्या फांदीपर्यंत हात पोचले की तो खाली बघे आणि उतरे. मी त्याला समजावले, दटावले, गूळ देऊ केला. शनिवारी पहाटे, सगळे ओढ्यावर गेलेले पाहून, मी आयुष्यात केली नव्हती अशी गोष्ट केली. मुलाला खांद्यावर घेऊन पहिल्या फांदीवर बसवले, तिथून काढून घेतले, आणि अण्णांना जाऊन सांगितले की झाले.

अण्णांनी त्याला जवळ घेतले आणि तळवे पाहिले. "साल कुठं लागलीया?" मग माझ्या कोटाचा खांदा पाहिला. त्यावर चिखलाची दोन छोटी पावले होती. "चढला, का चढवला?"

लाजेने मान खाली गेली ती त्या दिवसभर तशीच होती.

"मोजणीवाले, तुमीसुदिक," एवढेच अण्णा म्हणाले, आणि ते मला टोचणीच्या सुईपेक्षा लागले.

निपाणीला तार करावी असे मनात आले, पण तार आली की लोक आधी रडायला बसतात, मग वाचतात. तेव्हा मी दुसरी व्यवस्था केली. गल्लीतल्या एका वकिलांची बैठकीची खोली दोन तासांसाठी मागून घेतली, दोन खुर्च्या, एक सतरंजी. मी मोटार स्टँडवरून पाहुण्यांना परस्पर तिथे आणणार, बायको बहिणीला आधी काही न सांगता साडेदहाला घेऊन येणार. अण्णांना सगळे सांगून ठेवले. ते म्हणाले, "घरात सगळ्या पोरी सारख्याच दिसत्यात. झाडाखाली बघावी." मी तिकडे लक्ष दिले नाही.

सोमवारी मी कोट, रुमाल, नवी वहाण घालून साडेनऊपासून स्टँडवर उभा राहिलो. दहाची मोटार आली. एकोणीस माणसे उतरली. त्यांत ते नव्हते. म्हणून मी पुढच्या मोटारीची वाट पाहत बारापर्यंत उभा राहिलो.

ते पावणेनऊलाच आले होते, भाड्याच्या खाजगी मोटारीने, थेट चाळीवर. हे मला नंतर अण्णांकडूनच कळले, आणि त्यांनी ते अशा अभिमानाने सांगितले की आपण काय केले हे त्यांना अजून समजले नव्हते हे उघड होते.

मुलाची आई मोटारीतून उतरली. प्रवासाने घसा कोरडा पडला होता, म्हणून कट्ट्यावरच्या रांजणातून दोन तांबे पाणी प्याली, मुलालाही दिले. मग वर पाहिले. आठ दारे सताड उघडी, आत माणूस नाही. भिंतींवर ओला चुना. छपरांवर भोके. आणि एका छपरावर चुन्याने पांढरा झालेला, नाकातोंडावर फडके बांधलेला एक माणूस. तिने विचारले, इथली माणसे कुठे आहेत?

"समदी भाईर काढली," अण्णा वरून म्हणाले. "मळ्यात झोपड्या हाईत. एक पोरगं ऱ्हायलंय, त्येचं झालं की आत घेऊ. तुमी बी तिकडंच जावा. नववी झोपडी मोकळीच हाय."

मोटारवाल्याने त्यांचे सामान रस्त्यावर ठेवले आणि मोटार मागे न वळवता, तशीच उलटी, गल्लीच्या तोंडापर्यंत नेली. अण्णांना त्याच्या कसबाचे फार कौतुक वाटले.

आता दुसरे कोणी असते तर टांगा करून निपाणीला पळाले असते. पण ही बाई जुन्या वळणाची होती, आणि लहानपणी तीही झोपडीत राहिलेली होती. त्या काळची रीत तिला पक्की ठाऊक होती. प्लेगच्या घरचे पाणी पोटात गेले की आपल्या घरी जायचे नाही, गावात शिरायचे नाही, दहा दिवस माळावर काढायचे. तिने डोक्यावर पदर घेतला, मुलाच्या हातात ट्रंक दिली आणि येळ्ळूरची वाट विचारून चालू लागली. वाटेत माझा बोर्ड लागला. तो वाचल्यावर तिला जी थोडी शंका होती तीही गेली.

मी बारा वाजता हताश होऊन मळ्यात आलो तेव्हा नवव्या झोपडीसमोर एक बाई चुलीसाठी दगड मांडत होती आणि तिचा मुलगा काडाच्या गादीवर ताठ बसला होता. ही झोपडी बाकीच्यांपासून दोनशे पावलांवर होती. मी जवळ जाऊ लागलो तशी ती हातात दगड घेऊन ओरडली की तिथेच थांबायचे. मी थांबलो आणि माझे नाव सांगितले. ती कोण हे तिने सांगितले.

"आमच्याकडे प्लेग नाही," मी ओरडून सांगितले.

"फळीवर वाचलं ते," ती म्हणाली.

मी करार सांगितला, दहा गोष्टी सांगितल्या, जांभळी सांगितली. दोनशे पावलांवरून असल्या गोष्टी खऱ्या वाटत नाहीत. मी सांगत गेलो तशी ती मुलाला आणखी आत सरकायला सांगत गेली. सहावे स्थळही गेले, असे मी मनात धरले.

पण सकाळपासून तिथे काय झाले होते ते मला माहीत नव्हते. पाहुणे आले तेव्हा बहीण माझ्या मुलाला चढायला शिकवत जांभळीवर बसली होती. हे कोण, हे तिला ठाऊक नव्हते. गावातून अण्णांनी आणखी एक बिऱ्हाड बाहेर काढले, एवढेच तिला वाटले. तिने फांदीवरूनच त्यांना कोरडे काड कुठल्या गंजीत आहे ते सांगितले. ओढ्याचे पाणी कुठे प्यायचे आणि कुठे नाही ते सांगितले. लांब राहायचे म्हणतात तर राहू देत, म्हणून भाकरी आणि झुणका अर्ध्या वाटेवर दगडावर ठेवून आली. बायकोला कोण आले ते कळल्यावर ती बहिणीला सांगायला धावली खरी, पण तोवर अर्धा तास झाला होता. बहिणीचे आणि त्या बाईचे शंभर पावलांवरून बोलणे चालले होते, खेकड्यांवरून. बायको शहाणी. ती तशीच मागे फिरली आणि कोणाला काही बोलली नाही.

मी मात्र बहिणीला हाक मारून सांगायला तोंड उघडले होते. बायकोने माझ्या तोंडावर पदर दाबला.

तेवढ्यात अण्णा आले, चुन्यासकट. परिस्थिती समजल्यावर त्यांनी कपाळाला हात वगैरे लावला नाही. त्यांनी त्या बाईला ओरडून विचारले, "पोरं किती आनली?"

"ह्यो एकच. सव्वीस वर्षांचा."

"बरं केलं. पर बाई, आमच्यात प्लेग न्हाय."

ती म्हणाली, "उंदीर दावा."

"मेलेला?"

"जित्ता. घरात जित्ता उंदीर असंल तर प्लेग न्हाय. माझा बा तसंच बघायचा."

अण्णांचा चेहरा खुलला. माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई लई हुशार हाय. ह्ये स्थळ सोडू नका."

तेव्हा मी, मुलीचा भाऊ, कोट रुमाल घातलेला, चार हजार पावले चालून रिकाम्या चाळीत गेलो, पिंजऱ्याला खोबरे लावून कोपऱ्यात बसलो, आणि एकामागून एक तीन उंदीर धरले. पिंजऱ्यावर उपरणे टाकून गल्लीतून परत निघालो. वकीलसाहेब दारात उभे होते. खुर्च्या मांडून ठेवल्या आहेत म्हणाले. समोरच्या चिरमुऱ्याच्या दुकानातल्या म्हातारीने उपरणे वर करून पाहिले आणि दुकानाची एक फळी लावून घेतली.

लोक मुलगी दाखवताना पोहे देतात. मी पिंजरा त्या बाईच्या पुढ्यात ठेवला. ती उकिडवी बसली, एकेक उंदीर निरखला, डोळे पाहिले, काडीने डिवचले. "गुबगुबीत हाईत," ती म्हणाली. "पर पळत्यात का बघू," आणि मी थांबवायच्या आत तिने पिंजऱ्याचे दार वर केले.

पळत होते. दोन बांधाकडे गेले, तिसरा सरळ जांभळीकडे, जिथे माझा मुलगा उभा होता. तो झाडावर कसा गेला हे मी पाहू शकलो नाही, कारण ते फार लवकर झाले. पाहिले तेव्हा तो तिसऱ्या फांदीवर होता.

"कुणी चढवला?" अण्णांनी विचारले.

"कोनी न्हाय," तो वरून म्हणाला.

"उतर आता."

उतरला. अण्णांनी तळवे पाहिले. साल लागली होती. "तेवीस," ते म्हणाले. "उद्या कौलं घालू."

यानंतर सगळे जवळ आले, ओळखी झाल्या आणि आता बघण्याचा कार्यक्रम करावा असे मी सुचवले. बहिणीला तेव्हा कळले. तिचा चेहरा उतरला, मान खाली गेली, आणि मला वाटले की झाले, आता पुन्हा तेच.

"बघायचं काय ऱ्हायलंय आता," ती बाई म्हणाली. "सकाळधरनं तिचंच ऐकतीया मी. घरात आमी दोघंच असतो, आनी ह्यो माझा काय बोलतच न्हाय."

अण्णा म्हणाले, थांबा. मुलाचा पाय बघितला नाही. त्यांनी त्या बिचाऱ्याचा जोडा काढायला लावला, तळवा दाबला आणि चक् केले. "मऊ. निस्तं लोनी. ह्येला पोरगी द्यायची न्हाय. आदी झाडावर चढंल, मग बघू." मुलीचा भाऊ मी होतो, पण मला कोणी विचारले नाही. मुलगा चढला, धोतर खोचून, टोपीसकट, आणि चढायचे संपल्यावर तिथेच अडकला. खाली बघेना, वर बघेना. मामला पाच मिनिटे तसाच राहिला. मग माझी बहीण, जिने पाच स्थळांपुढे स्वतःचे नाव सांगितले नव्हते, मान वर करून स्पष्ट आवाजात म्हणाली, "डावा पाय खोबणीत ठेवा. आता उजवा सोडा. सोडा, मी बघतीय की."

त्याने सोडला. माघात लग्न झाले. त्या बाईने देण्याघेण्याच्या बोलण्यात एकच गोष्ट मागून घेतली. दरसाल पंधरा दिवस नववी झोपडी.

ती तिने अठरा वर्षे वापरली. पुढे बहिणीला दोन मुले झाली, तीही येत. जावईबापूंचे तळवे सातव्या वर्षी पास झाले. माझे त्याआधीच झाले होते, पण गवतातला तास मला कधी जमला नाही.

अण्णा शेवटी आजारी पडले तेही मार्गशीर्षातच. डॉक्टरांनी थंडीत बाहेर काढू नका असे बजावले होते, म्हणून त्या वर्षी चाळ बाहेर पडली नव्हती. त्यांना बरे वाटावे म्हणून मी चुना तेवढा लावून घेतला होता. ते आतल्या खोलीत पडून असत आणि काठी पोचत नसे म्हणून भिंतीवर बोटाने दोनदा ठोकत. मी आत जाई. "आत किती हाईत?" मी मोजून सांगे. थंडी होती, मुले घरात असत. "चौदा, अण्णा." ते डोळे मिटून घेत.

निपाणीची बाई नेहमीप्रमाणे मुलासुनेला आणि नातवांना घेऊन आली. तिने अण्णांना पाहिले, खोली पाहिली आणि माझ्यावर उखडली. "डोळं न्हाईत व्हय तुमाला? ह्यो मानूस आत मरंल. भाईर काढा."

मी डॉक्टरांचे सांगितले. ती म्हणाली, डॉक्टरला उंदीर दाखवा. या बाईशी वाद घालायचे मी अठरा वर्षांपूर्वीच सोडले होते. आम्ही चौघांनी बाज उचलली. एका बाजूला जावई आणि चाळीतला एक भाडेकरू, दुसऱ्या बाजूला मी आणि माझा मुलगा, जो आता माझ्याहून उंच आहे. पुढे ती बाई, मागे बहीण पांघरुणे घेऊन. चुना लावलेल्या घरातून आजारी माणसाची बाज निघाली आणि भर सकाळी गल्लीतून येळ्ळूरच्या वाटेला लागली.

चिरमुऱ्याच्या म्हातारीने फळ्या लावायला घेतल्या. मी बाज खाली ठेवायला लावून तिच्याकडे गेलो आणि मराठीत आणि कन्नडमध्ये सांगितले की प्लेग नाही, म्हातारपण आहे. ती मान हलवत राहिली आणि फळ्या लावत राहिली. गल्लीच्या तोंडापर्यंत मी हेच सात जणांना सांगितले. मळ्यात पोचल्यावर, कोणाला भलती भीती राहू नये म्हणून, मी माझी जुनी फळी धूळ पुसून पुन्हा वाटेवर टांगली. यात माझी चूक काय हे मला अजून कोणी दाखवून दिलेले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गल्ली बाहेर पडली. वकीलसाहेब दोन्ही खुर्च्या घेऊन आले. मळ्यात जागा पुरेना, तेव्हा शेजारच्या शेतांतही झोपड्या उठल्या. आरोग्य खात्याचा माणूस येऊन प्लेग नाही असे मोठ्याने सांगून गेला, आणि तेव्हा जी चार घरे मागे राहिली होती तीही आली. जांभळीवर एका वेळी अकरा मुले होती. ओढ्यात किती होती ते सांगत नाही, ती हलत होती.

अण्णांची बाज जांभळीखाली होती. ते उताणे पडून वर बघत होते. मी जवळ बसलो तेव्हा त्यांनी बाजेच्या लाकडावर बोटाने दोनदा ठोकले.

"आत किती हाईत?"

माझी खात्री होती, पण अशा वेळी अंदाज सांगणे मला बरे वाटले नाही. मी उठलो, चार हजार एकशे बारा पावले चालून खासबागेत गेलो, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बत्तीस दारांवर दोनदोनदा ठोकले, आणि तितकीच पावले परत आलो. ते वाट बघत होते.

"एकही नाही, अण्णा," मी म्हणालो.